निळा कोट आणि साधा कागद

आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती. दोन हजार सातपासून मी हेच सांगतोय, पण कात्रपपासून बुवापाड्यापर्यंत आमचा एकही नातेवाईक ते मानायला तयार नाही. तुम्ही तरी ऐका.

आमचे सासरे सुदामराव आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंगला, म्हणजे कापडावरचा रंग नमुन्याशी जुळवायला, होते. बत्तीस वर्षं हा माणूस कापडाच्या चिंध्या खिडकीपाशी धरून 'लाल चढलाय', 'पिवळा पडलाय' एवढंच बोलला. आम्ही घराला पिस्ता रंग दिला तेव्हा दारातच थांबून म्हणाले, "डॉक्टर आहेत का आत?" वर चार पाहुण्यांसमोर, "जावईबापूंना रंगातलं कळत नाही." ते मला लागलं. अजून लागलेलं आहे.

तर ते रिटायर व्हायचे होते. निरोप समारंभासाठी त्यांनी उल्हासनगरात खास निळा सूट शिवून घेतला. (निळा म्हणजे आपला जयंतीचा निळा. त्यात तडजोड नाही.) मी ठरवलं, या सुटातला त्यांचा फोटो घरच्या प्रिंटरवर मोठा छापायचा, फ्रेम करायचा आणि भर समारंभात द्यायचा. रंगातलं कळत नाही काय! बघाच आता!

निळा हुबेहूब यायचा तर आधी प्रिंटरचं कलर प्रोफाइल बनवायला हवं. म्हणजे रंगीत चौकटींचा तक्ता छापायचा, तो स्कॅन करायचा, मग प्रिंटर कुठला रंग किती बिघडवतो ते कॉम्प्युटर टिपून ठेवतो आणि पुढे तेवढी दुरुस्ती करतो. थोडक्यात, प्रिंटरची कुंडली. (आमच्या घरात माणसांची कुंडली चालत नाही. प्रिंटरची चालवून घेतली.) प्रिंटर विकताना उल्हासनगरच्या मुकेशशेठनी बजावलं होतं, "साईं, पहले पेपर सेट करने का, बाद में प्रोफाइल. और फिर सेटिंग को हाथ नहीं लगाने का."

केलं की सेट! प्रिंटरमध्ये चकचकीत फोटोचा कागद घातला आणि यादीतून निवडला 'प्लेन पेपर', म्हणजे आपला साधा कागद.

"अहो, पाकिटावर ग्लॉसी लिहिलंय," मागून आमची बायको, यशोधरा.

"ग्लॉसी म्हटलं की हा शाई जास्त ओततो."

"मग ओतू दे ना! बाबांचा फोटो आहे."

"यशो, मी स्टोअरकीपर आहे. चौदा वर्षांत मागितला तेवढा माल मी कुणालाही दिलेला नाही. या डबड्याला देऊ?"

तक्ता छापला, स्कॅन केला, प्रोफाइल बनवलं आणि फोटो छापला. काय सांगू, कोट निळा आला! अगदी निळाच! मी खोलीभर नाचलो. शाई जरा ओली होती, एवढंच; साध्या कागदाची शाई चकचकीत कागदात लवकर मुरत नाही. यशोधराने कौतुकाने अंगठा ठेवला आणि बाबांची अर्धी मिशी अंगठ्याला आली.

"सकाळपर्यंत वाळेल," मी म्हणालो.

सकाळी तिने पुन्हा हात लावला, तेव्हा उरलेली अर्धीही आली.

समारंभ अकराला. कागद उरला होता एकच. मी दाढी करत होतो, तेवढ्यात बाहेरून प्रिंटरचा आवाज आला.

"झाला बघा!" यशोधरा ओरडली. "कोरडा! मिशी पक्की!"

मी फेसासकट धावलो. मिशी पक्की होती. कोट मात्र जांभळा. भरल्या वांग्यासारखा.

"तू सेटिंग बदललंस?"

"पाकिटावर लिहिलंय तेच निवडलं. ग्लॉसी."

"अगं बाई, प्रोफाइल साध्या कागदाच्या सेटिंगवर बनलंय! ते आता चालणार कसं?"

"मग तुम्ही पहिल्यांदाच ग्लॉसी निवडायचा होतात."

यावर मी तोंडात गेलेला फेस थुंकायला मोरीत गेलो.

"नुसती शाल नेऊ या हो," ती काकुळतीला येऊन म्हणाली. पण माघार घेईन तर मी कसला जावई! फोटो फ्रेममध्ये बसवला आणि नेला.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सासऱ्यांनी वेष्टण काढलं. फोटोकडे पाहिलं, मग अंगातल्या कोटाकडे. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की समोर बसलेली साठच्या साठ माणसं रंगातली होती. सासऱ्यांचे जोडीदार हरिचंद्र उठले, त्यांनी फोटो खिडकीपाशी नेला आणि सासऱ्यांना कोटासकट शेजारी उभं केलं.

"लाल चढलाय."

"चांगलाच चढलाय," सासरे.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅचिंग एका कपड्यावर केलं आणि माल दुसऱ्यावर काढला. बरोबर ना, जावईबापू?"

माझे कान तापले होते, पण मी ताठ उभा राहिलो. "कपडा मी नाही बदलला. तुमच्या मुलीनं बदलला!"

"तिनं बरोबरच कपडा घातला," सासरे शांतपणे म्हणाले. "तुम्ही मॅचिंग पायपुसण्यावर केलं होतंत."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने यशोधरा.

फोटो सासऱ्यांनी घरी नेला नाही, आपल्या खात्याला भेट दिला. आजही तो लॅबच्या दाराशी टांगलेला आहे, आणि मी कुणालाही छाती पुढे काढून सांगतो, माझं काम रंगाच्या कारखान्यात, रंग कळणाऱ्या माणसांनी लावलंय! खोटं वाटत असेल तर जाऊन बघून या.

फक्त खालची चिठ्ठी वाचू नका. सासऱ्यांच्या अक्षरात आहे: "नवीन कामगारांनी हा नमुना रोज पाहावा, आणि असे करू नये."