चाळीस सेकंद हलू नये

"या काचेतून भारत एकविसाव्या शतकात प्रवेश करील," असं मधुकरराव नगरकरांनी १९९८ सालच्या एका सोमवारी संचालकांना सांगितलं आणि काच दाखवायला हात पुढे केला. काच टेबलावर नव्हती. शिपायाने ती संचालकांच्याच चहावर झाकली होती.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीजवळच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत मधुकरराव नऊ वर्षं एकच काम करत होते: डोळ्यांना न दिसणारे कण पॉलिमरमध्ये कालवून होलोग्रामची फिल्म बनवायची आणि ती काचेवर चढवायची. आठ वर्षं कणांच्या गुठळ्याच झाल्या. शेवटी पत्नी नीला म्हणाली, "पिठल्याचं पीठ आधी थोड्या पाण्यात मोडून घेतात. तेवढं तरी करून बघा." गुठळ्या मोडल्या. शोधनिबंधात या पद्धतीला सव्वा ओळीचं नाव मिळालं. नीलाचं नाव जागेअभावी राहिलं.

आता प्रश्न अडलेल्या बढतीचा होता. संचालकांनी अट घातली की कामावर हजर असलेल्या सगळ्यांचा एकच होलोग्राम काढून दाखवा, शुक्रवारी बढती घ्या. अडचण एवढीच, की चाळीस सेकंद कोणी हलायचं नाही. जो हलेल त्याच्या जागी नुसता काळोख उमटतो.

आस्थापना विभागाच्या भीमाचार्यांनी तातडीने परिपत्रक काढलं. मिटलेले डोळे मिटलेलेच ठेवावेत. श्वास आवश्यकतेनुसार, वरिष्ठांच्या संमतीने घ्यावा. पंखे बंद झाले. शेजारच्या कारखान्याने आपला प्रेस थांबवला. मधुकररावांना धास्ती होती ती माणसांची, पण ती अनाठायी ठरली. वीस-वीस वर्षांच्या सरावाने कचेरी अशी निश्चल बसली की भिंती त्यामानाने चंचल वाटाव्यात. एकटे मधुकरराव तेवढे पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून चाळीस सेकंद दोन्ही हातांनी सगळ्यांना "हलू नका" असं खुणावत राहिले.

होलोग्राम अप्रतिम आला. बत्तीस माणसं, फायलींवरची धूळ, आणि कचेरीच्या वेळात बँकेत गेलेल्या उमाजींचा खुर्चीवर टांगलेला कोट, बटणांसकट. पहिल्या रांगेत मात्र एका खुर्चीत काळोख बसला होता.

हा पुरावा खोडता येण्यासारखा नाही, असा शेरा संचालकांनी मारला, आणि त्या दिवसाची हजेरी त्यावरूनच धरायचं ठरलं. मधुकरराव गैरहजर. जो नव्हता त्याने होलोग्राम काढला असणं शक्य नाही, म्हणून श्रेय दिसणाऱ्यांत वाटलं गेलं. सर्वांत स्पष्ट उमटल्याबद्दल बढती उमाजींना मिळाली.

मधुकरराव भीमाचार्यांच्या टेबलाशी गेले. "अहो आचार्य, मीच तर सगळ्यांना हलू नका म्हणत होतो."

"तेच की, सर," भीमाचार्य मान न हलवता म्हणाले. "तेवढ्यासाठी हललात. काम करताना स्वल्प, थोडं तरी, जपायला नको का?"

वाचकांनी यावर खुशाल हसावं. फक्त कचेरीत बसून वाचत असाल, तर खांदे हलू देऊ नका.

मधुकरराव वळले, तशी मागून पुन्हा हाक आली.

"सर, आजही तुमची रजाच लावलीय मी, नाहीतर आकडा जुळत नाही. तर चामराजपेटला घरी जाताच आहात, तर मार्केटातून बारा केळीची पानं आणून द्याल का? उद्या आमच्याकडे श्राद्ध आहे."