ओल्या जाळ्याचा विमा

आमच्या पत्रूभाऊंनी आजवर एकही पार्सल कोरडं पाठवलेलं नाही. मासे पकडायचं फेकजाळं ते विणतात, जाड सुती दोऱ्याचं, काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेलं, आणि ते शहरात विकलं जातं ऑनलाइन. पण नवं जाळं घराबाहेर पडण्याआधी गावच्या तलावात एकदा फेकलं गेलंच पाहिजे, अशी त्यांच्या घराण्याची रीत आहे. मग ते निथळत, शेवाळाचा एखादा धागा मिरवत, गोणपाटात गुंडाळून कुरिअरला जातं.

"कोरडं जाळं घरातून निंगालं का जल्मभर उपाशी रायते, गुर्जी," असं ते मला बजावतात. मी गावच्या शाळेत मास्तर, त्यांचा शेजारी, आणि त्यांच्या ऑनलाइन दुकानाचा बिनपगारी कारकून. वेबसाइटवर फोटो चढवणं, ऑर्डर बघणं, गिऱ्हाइकांच्या शिव्या वाचणं हे माझं काम. त्या शिव्यांना उत्तर देणं मात्र पत्रूभाऊंचं. पुण्याच्या एका बाईंनी एकच तारा देऊन लिहिलं होतं, 'मासळीचा वास येतो.' पत्रूभाऊंनी मला उत्तर लिहायला लावलं, 'जाळ्याले मोगऱ्याचा वास येन का, बाई?' मी शुद्ध मराठीत लिहू लागलो तर मला अडवलं. बाईंना जसंच्या तसं कळलं पाहिजे म्हणे.

जाळी विकत घेणारे बहुतेक हॉटेलवाले. भिंतीवर टांगतात, मागून पिवळे दिवे सोडतात. हे मी त्यांना एकदा मोबाईलवर दाखवलं आणि पस्तावलो. "भिंतीवर कोनती मासोळी फसते?" हा प्रश्न त्यांनी मला आठवडाभर विचारला, जणू ते हॉटेल माझ्या सासऱ्याचं होतं. तेव्हापासून जाळं पाठवायच्या आधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन करतात आणि दम देतात. जाळं सावलीत वाळवायचं, खिळ्याला अडकवायचं नाही, उंदरापासून जपायचं. गिऱ्हाईक हो हो म्हणतं. दुसरं करणार काय?

विम्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. पार्सल बुक करताना मी विम्याच्या चौकोनात खूण केली, तर हे उसळले. "इमा काडला म्हंजे हरपू दे मनल्यासारकंच झालं!" मी म्हटलं, भाऊ, विमा शहाण्या माणसाने काढायचा असतो. "मंग तुमी काडा. मी येडाच बरा." तरी मी खूण राहू दिली, आणि नेमकं तेच पार्सल हरवलं. आता याला मी काय करू? पण दोष माझ्याच माथी. गावातल्या निम्म्या लोकांना अजूनही वाटतं की गुर्जींच्या विम्यानेच जाळं गिळलं.

ती ऑर्डर पिंपरीच्या कुणा जाधवाची होती. पार्सल गडचिरोलीहून निघालं, नागपूरला पोचलं, आणि मोबाईलवर 'नागपूरहून निघाले' एवढंच दिसू लागलं. पावसाळा सरला, धानाला लोंब्या आल्या, पार्सल आपलं निघालेलंच. पत्रूभाऊ रोज सकाळी दात घासत कुंपणाशी उभे. "पोचलं का?" नाही म्हटलं की तोंडातली चूळ अशी थुंकायचे की ती कुरिअर कंपनीच्या तोंडावरच पडावी.

शेवटी एसटी धरून आम्ही गडचिरोलीच्या कुरिअर ऑफिसात गेलो. काउंटरवरचा मॅनेजर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये दिसत नाही."

"तुमच्या शिस्टिमले डोळे नाईत. मले गोडाऊनमदी जाऊ द्या."

आणि कुणी अडवायच्या आत ते आत शिरलेसुद्धा. पार्सलांच्या थप्पीपाशी वाकून एकेक खोकं हुंगू लागले. माझं जाळं मला वासाने सापडतं, असं त्यांचं म्हणणं. कुणाचा मोबाईल, कुणाची चप्पल, कुणाची साडी, सगळं हुंगून झालं. वॉचमनने हाताला धरून बाहेर काढलं तेव्हा एका डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यात लोनचं हाये. फुटलं हाये. पावा." आणि खरंच फुटलेलं होतं! मॅनेजरला त्याची लाज वाटावी की नाही? उलट त्याने आम्हालाच गेट दाखवलं.

मग मी दावा दाखल केला. म्हटलं, विमा काढलाय ना, घ्या आता. आणि उत्तर काय यावं? दावा नामंजूर! कारण, गडचिरोलीला केलेलं वजन आणि नागपूरला केलेलं वजन जुळत नाही. नागपूरला पार्सल बरंच हलकं भरलं, सबब विक्रेत्याने खोटं वजन नोंदवलं असावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हरवणार हे, आणि चोर आम्ही? अहो, जाळं ओलं होतं! गोणपाटातून वाटेत वाळलं! हे मी मदत केंद्राच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "सर, आप गीला सामान क्यों भेजते हैं?" आता तिला पत्रूभाऊंच्या घराण्याची रीत कोणत्या हिंदीत समजावू?

पण मीही हट्टाला पेटलो. मासळीबाजारातला तराजू आणला. पत्रूभाऊंचं दुसरं जाळं तलावात बुडवून, सकाळी ओलं आणि संध्याकाळी वाळलेलं, असं दोनदा तोललं आणि सगळं चित्रीकरण धाडून दिलं. वर लिहिलं की सुती दोरा पाणी पितो, हे आमच्या चौथीच्या पोरांनाही माहीत आहे. महिनाभर भांडलो, आणि जिंकलो.

त्या दिवशी मदत केंद्राचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. मुलगी म्हणाली, "सर, क्लेम पास हो गया. सेलर एक बार हाँ बोल दें, तो पैसा आ जाएगा और ऑर्डर सेलर की तरफ़ से कैंसल हो जाएगा." मी विजयी मुद्रेने फोन पत्रूभाऊंपुढे धरला.

"नाई," ते म्हणाले.

"काय नाही?"

"क्यान्सल नाई करायचं. शोधा मना तिले."

मी भडकलो. पोरीला थांबायला सांगितलं आणि तोंडाला येईल ते बोललो. इतकं भांडलो ते काय हौस म्हणून? एका जाळ्यापायी किती दिवस झुरायचं? दुसरं विणा, दुसरं विका! पत्रूभाऊ एरवी शब्दाला शब्द देणारे. पण हातातला दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

"जाधव नाई तो," मग ते म्हणाले. "माहा मनोहर हाये."

त्यांचा मुलगा पुण्याकडे कारखान्यात आहे एवढंच मला ठाऊक होतं. तो मी इथे यायच्या आधीच घर सोडून गेलेला. पत्रूभाऊ त्याचं नाव काढत नसत, म्हणून मीही कधी विचारलं नव्हतं.

"दोस्ताच्या नावानं मांगवलं त्यानं. म्या फोन लावला होता ना सांगाले? तिकून हालो नाई, काई नाई. खोकलला फकत. पोराचा खोकला मले समजत नाई का, गुर्जी?"

"मग तुम्ही काय बोललात?"

"काय बोलन? सावलीत वाळवजा मनलं. अन् ठेवून देल्ला."

त्यांनी बोटाला गुंडाळलेला दोरा उलगडला.

"तिथी तलाव नाई, बोडी नाई. पानी नळाचं. जाळं कुठी फेकन तो? तरी मांगलं. जाताना म्याच मनलं होतं त्याले, आता या घरात पाय ठेवू नोको. अन् आता त्याच्या मोबाईलवर काय दिसन? बापानं क्यान्सल केलं."

फोनवर मुलगी "हॅलो सर, हॅलो सर" करत होती. मी तिला सांगितलं, आम्हाला पैसे नकोत, कैंसल नहीं करना, शोधा. ती म्हणाली, सर, आप ही तो इतने दिन से लड़ रहे थे. म्हटलं, हो, आणि अजून लढणार आहे.

मग ऑर्डरवरचा नंबर काढून लावला. पत्रूभाऊ नको नको म्हणत असतानाच. तिकडे कुणीतरी उचलला आणि गप्प राहिलं. मी फोन त्यांच्या हातात दिला.

पत्रूभाऊंनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"म्या पाठवलं होतं रे," ते म्हणाले. "रस्त्यात हरपलं. म्या नाई थांबवलं."

आणि मग घाईघाईने, "ठेवू नोको. फोन ठेवू नोको."