दाढेचं निमित्त

"चाळीस मेकॅनिकांच्या ड्युट्या मी बसल्या जागी लावते. चार अपॉइंटमेंटा लपवायला काय डोंबल लागतंय?" असं ती सकाळी आरशासमोर नवऱ्याला म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी बेसिनवर वाकली.

नवऱ्याने पाठीवरून हात फिरवला. "आणि हे कसं लपवणार?"

"ते बघते मी!"

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती ड्युट्या लावायची. कोणत्या इमारतीत कोण जाणार, अडकलेल्या माणसाला कोण बाहेर काढणार, कुणाची रजा कुणाच्या गळ्यात मारायची, सगळं तिच्या तक्त्यात. मेकॅनिक तिला घड्याळबाई म्हणायचे. तिच्या विभागाचे प्रमुख महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. ती खुर्ची तिचीच, असं साहेबांनी तिला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. सहा वर्षं प्रमुखांचं काम तीच करत होती. प्रमुख फक्त सही करायचे, तीही ती दाखवेल तिथे.

लपवण्याचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. मागच्या खेपेला तिने हौसेनं सहाव्या आठवड्यातच अख्ख्या ऑफिसला सांगून टाकलं होतं. दहाव्या आठवड्यात सगळं आटोपलं. मग प्रत्येकाला पुन्हा सांगा. एकेकाला, वेगवेगळं! आणि वर त्यांचीच समजूत काढा. एक मेकॅनिक तर लांबच्या कामावरून तीन महिन्यांनी परतला आणि दारातूनच ओरडला, "काय ताई, कितवा?" त्या दिवशी तिने कानाला खडा लावला.

म्हणून या खेपेला दाढ!

"दाढेचं काम काढलंय. तीन-चार चकरा होतील," तिने फोनमावशींना सांगितलं. फोनमावशी म्हणजे ऑफिसचा फोन घेणाऱ्या बाई. फोन एका कानाने घेत, ऑफिस दुसऱ्या कानाने.

"कुठली गं?"

"उजवी."

मंगळवारी रक्त दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन दिवसांनी पुन्हा द्यायचं, हार्मोनचा आकडा वाढतोय का बघायला. गुरुवारी ती उशिरा आली ती गाल धरूनच.

"अगं, परवा उजवी होती ना?" मावशी म्हणाल्या.

"हो... आता डावीकडे सरकलंय."

"दाढ सरकली?"

"दुखणं, मावशी, दुखणं!"

मावशींनी चष्मा वर केला. गालाला सूज नाही, तोंडाला औषधाचा वास नाही, आणि दाढदुखीवाली बाई डबा खाताना कडक टोस्ट कुरुमकुरुम चावतेय! पाणी कुठेतरी मुरत होतं.

शुक्रवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला. ती जिन्यात पळाली. जिन्याच्या वरच्या वळणावर मावशी हवा खात उभ्या होत्या, हे तिला कुठून दिसणार?

"हो, मंगळवारी नऊला येते. मागची फाइल आणते ना. याआधी एकदाच. दहा आठवडे... नाही, टिकलं नाही." ती जरा थांबली. "आणि प्लीज, ऑफिसच्या वेळेत फोन करू नका. इथे कुणाला कळू द्यायचं नाहीये."

झालं! मागची फाइल काय, दहा आठवडे टिकलं नाही काय! मावशींनी दोनात दोन मिळवले आणि बावीस केले. पोरगी दुसरीकडे नोकरी बघतेय!

सोमवारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिन काचेची; बाहेर मावशींचं टेबल, टेबलावर मेकॅनिकांशी बोलायचा वायरलेस सेट.

"मला सगळं कळलंय," साहेब म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"ते सोडा. कधीपासून चाललंय?"

"आठवा आठवडा."

"आठ आठवडे! आणि मला आज कळतंय?"

"पक्कं झाल्याशिवाय नको म्हटलं, साहेब. मागच्या वेळी घाई केली आणि..."

"मागच्या वेळीही? म्हणजे ही दुसरी खेप! घरी तरी ठाऊक आहे का?"

"फक्त नवऱ्याला."

"त्याची संमती आहे?"

"त्याच्याशिवाय कसं होईल, साहेब?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज दुखावलेला. "आम्ही तुमचं काय कमी केलं होतं, की तुम्हाला बाहेर बघावं लागलं?"

"बाहेर? साहेब, काय बोलताय तुम्ही!"

"मग? जाणाऱ्या माणसाला खुर्ची देऊन काय उपयोग? सकाळीच पत्र निघालं. प्रमुख म्हणून टायवाला."

टायवाला! दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेला, रोज टाय लावून येणारा. एकाच मेकॅनिकला एकाच वेळी दोन इमारतींत पाठवणारा!

"मी कुठेही जात नाहीये!" ती ओरडली. "मी गरोदर आहे!"

साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग खुलला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? माझ्या जिवाला केवढा घोर! म्हणजे राहताय तुम्ही!"

"हो. मग ते पत्र मागे घ्या."

"पत्र?" साहेबांनी टेबलावरचा पेन सरळ केला. "ते आता राहू द्या. उलट बरंच झालं बघा. या दिवसांत तुम्हाला कशाला ही दगदग? टायवाल्याला तेवढं शिकवून ठेवा."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण तेवढ्यात बाहेरचा वायरलेस खरखरला. ऐकण्याच्या नादात मावशींचा अंगठा आतापर्यंत त्याच्या बटणावर दाबलेला राहिला होता आणि केबिनचं दार उघडं होतं; सगळं मेकॅनिकांपर्यंत गेलं होतं.

"ताई, अभिनंदन!" सेट बोलला. "नवव्या मजल्यावरून बोलतोय!"

पाठोपाठ बाराव्या मजल्यावरचा. मग तळघरातला. प्रत्येकाला ती "थँक्यू" म्हणत गेली. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते, दाढ नाही ही!"

मंगळवारी नऊला ती तपासणीच्या पलंगावर आडवी पडली. पोटावर थंडगार जेल. नवरा उशाशी, हातात तिची पर्स. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. तिने डोळे मिटून घेतले. मग खोलीत धडधड ऐकू आली, पळत सुटल्यासारखी.

"छान आहे ठोका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अजून लवकर आहे हं. एवढ्यात कुणाला सांगू नका."

पर्समध्ये फोन थरथरत होता, सकाळपासून थांबलाच नव्हता. नवऱ्याने तो काढून तिच्यापुढे धरला. सदतीस अभिनंदनं, आणि सगळ्यात वर टायवाला: "ताई, आज कुणाला कुठे पाठवू?"

"बरं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, आणि जेल पुसायच्या आधी तिने चाळीस जणांच्या ड्युट्या लावून दिल्या.