मेश्राम भाऊजी आणि फुकटचा समुद्र

मेश्राम भाऊजी कुणाच्याही घरी पहिल्यांदा जेवायला गेले की चपला काढायच्या आधी विचारतात, "बाहेर पडायला दुसरा रस्ता कुठून आहे जी?"

आमच्या जर्मनीतल्या, झिंडेलफिंगेनच्या घरीही विचारलं. आमचा तिसरा मजला. दुसरा रस्ता म्हणजे बाल्कनी. त्यांनी बाल्कनीतून खाली वाकून पाहिलं, मान हलवली, आत येऊन झाडूच्या दांड्यानं छतावरच्या धुराच्या अलार्मचं बटण दाबलं, अख्खी बिल्डिंग दणाणली, आणि मग कुठे समाधानानं सोफ्यावर बसले. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत.

माणूस वेडा नाही हो. धंदाच तसा आहे. भंडाऱ्याजवळच्या एका खेड्यातून नागपूर, नागपूरहून पुणे आणि पुण्याहून इथल्या मोटारींच्या कारखान्यात. माझा नवरा नितीन त्यांच्याच विभागात आहे. भाऊजींच्या वाट्याला सीटबेल्टचं बक्कल. ते कसं बनवायचं हे दुसरे लोक बघतात. ते कसं कसं बिघडू शकेल हे भाऊजी बघतात. वीस-बावीस वर्षं रोज सकाळी जाऊन विचार करायचा की हे लागलं नाही तर? उघडलं नाही तर? पोरानं त्यात बिस्कीट कोंबलं तर?

या कामाची एक रीत असते. प्रश्न तीन. किती वाईट होईल, किती वेळा होईल आणि आधी कळेल का. प्रत्येकाला दहापैकी आकडा द्यायचा आणि तिन्हींचा गुणाकार करायचा. आकडा जितका मोठा तितका धोका मोठा. ही रीत कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी यावं की नाही? पण नाही! माझ्या उकडीच्या मोदकांकडे बघून ते म्हणाले, "आल्झो," म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', "सारण गळणे. वाईट चार, होण्याची शक्यता सात, आधी कळणे पाच. चार सत्ते अठ्ठावीस, अठ्ठावीस पंचे एकशे चाळीस. चालून जाईल वहिनी." आणि अकरा मोदक खाल्ले.

त्यांच्या बायकोचं, करुणाताईंचं, मला नेहमी नवल वाटतं. शांत, हसतमुख बाई. "अहो, पुरे आता," एवढंच म्हणतात, आणि तेही महिन्यातून एखाद्या वेळी. या बाईंनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एकच मागणं मागितलं. "मला कॅरिबियनला जायचंय. ते सगळं-समाविष्टवालं असतं ना, तिथं. मी रांधायचं नाही आणि यांनी काळजी करायची नाही."

पहिली गोष्ट सोपी होती.

भाऊजींनी दोन महिने रिसॉर्टबद्दल पाहुण्यांनी लिहिलेले अनुभव वाचले. त्यातले फक्त एक तारा दिलेले. पाच तारेवाल्यांवर त्यांचा विश्वास नाही. "खोटं बोलत नाहीत जी ते. पण बघत नाहीत." मग कारखान्यात डबा खाताना नितीनला रोज नवी बातमी. कुणाच्या न्हाणीघरात खेकडा निघाला. कुणाला वरच्या मजल्यावरच्या नाचाचा त्रास झाला. एका बाईनं तक्रार केली होती की समुद्र फार खारट आहे. "हिच्याकडे लक्ष देऊ नका," भाऊजी म्हणाले, "पण खेकड्याचं गंभीर आहे."

आम्ही का गेलो त्यांच्याबरोबर? करुणाताईंनी माझा हात धरून सांगितलं, "चल गं, नाहीतर मी यांच्यासोबत एकटी पडेन." माझ्या सहा वर्षांच्या मुलीला, मनवाला, आजीकडे पुण्याला पाठवायचंच होतं. गेलो.

आणि त्यांची सुजाता होती. अठरा वर्षांची, इथंच जन्मलेली. आईबाप मराठीत बोलतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते आणि दोन्ही बाजूंना त्यात काही वावगं वाटत नाही. तिला शिकायला हांबुर्गला प्रवेश मिळाला होता. ऑक्टोबरात जायची होती. देशाचं पार दुसरं टोक. भाऊजींनी त्यालाही तीन प्रश्न लावले होते आणि आकडा पाचशेच्या वर गेला होता. तेव्हापासून बापलेकीत गाडी अडली होती. करुणाताईंना एकच धास्ती, की पोरगी रागावून घर सोडेल आणि मग येणंच टाकेल. या सहलीत काय ते सुरळीत व्हावं, एवढीच त्यांची इच्छा.

तर पोहोचलो. मनगटावर पट्टा बांधला की खा, प्या, लोळा, कुणी काही विचारत नाही. आमच्यासारख्यांचं यात भलतंच अवघड होतं. पहिल्या दिवशी नितीन फुकट म्हणून इतका प्यायला की संध्याकाळी त्याला समुद्र दोन दिसायला लागले. बाकीचे जर्मन पाहुणे उजाडायच्या आत उठून पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवत. भाऊजीही उठत. पण त्यांना पुढची रांग नको होती. त्यांना लाइफगार्डच्या मचाणाखालची जागा हवी होती. त्या पोराला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आतापर्यंत किती लोकांना वाचवलंस?" तो अभिमानानं म्हणाला, एकालाही वाचवायची वेळ आली नाही. भाऊजी आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "अनुभव नाही."

जेवणाच्या दालनात कोळंबीचा डोंगर रचलेला असे. भाऊजी ताट घेऊन बाजूला उभे. समोरच्या टेबलावरचे आजोबा आधी खाणार, मग तासभर भाऊजी त्यांच्यावर नजर ठेवणार, मग आजोबा धडधाकट दिसले तर हे खाणार. तोवर कोळंबी संपलेली. मग खोलीत जाऊन घरून आणलेला चिवडा.

हसता हसता एक वाईट गोष्ट झाली. काळजी साथीसारखी पसरते. तिसऱ्या दिवशी मीही लिफ्टमध्ये शिरताना वर लिहिलेलं वजन वाचायला लागले. बर्फ कुठल्या पाण्याचा असेल? पंखा डुगडुगतोय का? "अगं, तुला काय झालंय?" नितीन म्हणाला. काय सांगणार, कपाळ!

चौथ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला सुजातानं सांगितलं, उद्या बोट प्रवाळ बघायला जाते, तोंडाला नळी लावून पाण्यात उतरायचं, मला जायचंय. भाऊजींनी चमचा खाली ठेवला. "आल्झो," ते म्हणाले. सुजाता उठून उभी राहिली. जर्मनमध्ये, अगदी हळू आवाजात ती जे बोलली ते करुणाताईंनी मला नंतर सांगितलं. "पापा, आकडा सांगू नका. सांगितलात ना, तर नाताळलाही मी घरी येणार नाही." आणि गेली निघून. करुणाताईंनी ताट सारलं. भाऊजी बराच वेळ मिठाच्या डबीचं झाकण लावत आणि काढत बसले.

सकाळी ते स्वतःच म्हणाले, "जाऊ दे तिला. नितीन सोबत जाईल." आम्ही सगळे थक्क. करुणाताईंनी देवाचे नाही, पण बुद्धाचे आणि नितीनचे आभार मानले. बोट गेली. जेवायच्या वेळेला परत येणार होती.

जेवायची वेळ झाली, टळली, बोट नाही. मचाणाखाली आम्ही तिघं. भाऊजी उभे, डोळ्यांवर हात. त्यांनी आकडा काढला असता तर मला बरं वाटलं असतं, खरंच सांगते. मी मनातल्या मनात काढत होते आणि माझा नवरा त्या गुणाकारात होता. आभाळ भरून आलं. लाइफगार्डला विचारलं तर तो म्हणाला, येईल, कधी कधी उशीर होतो.

मग बोट दिसली. पोहायच्या हद्दीची तरंगत्या पिंपांची दोरी असते ना, तिच्याही पलीकडे, थांबलेली. पुढे येईना, मागे जाईना. लोक उभे राहून हात हलवत होते. आता त्या रिसॉर्टमध्ये सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना नाचवायची पद्धत. हे नाचतायत की मदतीला बोलावतायत, काही म्हणजे काही कळेना! "अहो, कुणाला तरी सांगा ना," करुणाताई म्हणाल्या. वळून बघतात तर भाऊजी जागेवर नाहीत.

भाऊजी सदरा काढून पाण्यात शिरले होते. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. "अहो! तुम्हाला पोहता येत नाही!" करुणाताई किंचाळल्या. आणि त्या माणसानं हात जोडल्यासारखे पुढे नेले, बाजूला फाकवले, बेडकासारखे पाय मारले आणि पोहायला लागला. हनुवटी वर, चष्मा डोळ्यांवर, तोंडानं मोठ्यानं फू फू करत. सावकाश, पण सरळ बोटीच्या दिशेनं. लाइफगार्डनं शिट्टी फुंकली, होडी काढली. काठावरचे सगळे टॉवेल उठून उभे राहिले.

पिंपाच्या दोरीपर्यंत गेले आणि तिथं पिंपाला मिठी मारून थांबले. दम संपला होता. तेवढ्यात बोटीवरून कुणीतरी उडी मारली. सुजाता. चार हात मारून ती बापाजवळ पोहोचली. दोघं बराच वेळ त्या पिंपाला धरून होते. मग होडीतल्या पोराला हातानं नको म्हणत दोघं शेजारी शेजारी पोहत परत आले. ती मुद्दाम सावकाश.

बोटीचं इंजिन बंद पडलं होतं, बस्स. दुसरी बोट ओढायला येईपर्यंत लोक रम पिऊन नाचत होते. आमचे हे सुद्धा.

करुणाताई रडत रडत भाऊजींना टॉवेलनं मारत होत्या. "कधी शिकलात? कुठं शिकलात?" तेव्हा माझं त्यांच्या चड्डीकडे लक्ष गेलं. मांडीपाशी एक छोटासा बिल्ला शिवलेला. समुद्री घोडा. जर्मनीत पाच-सहा वर्षांची पोरं पहिल्यांदा पोहायला शिकली की त्यांना मिळतो तो. मनवालाही तो अजून मिळायचा होता.

"मला वाटलं चड्डीच्या कंपनीचं चिन्ह आहे," करुणाताई म्हणाल्या. "म्हणजे मंगळवारचं ओव्हरटाइम..."

"क्लास होता," भाऊजी खाली बघून म्हणाले. "लहान पोरांचा. मोठ्यांच्या क्लासला जागा नव्हती."

"पण मला सांगायचं तरी!"

"आणि नाही जमलं असतं तर?" मग ते वाळूत बसले. दात वाजत होते. "गावात विहीर होती. सारे पोट्टे धपाधप उड्या मारत. आम्हाला काठाजवळ येऊ देत नव्हते. आम्ही दूर बाभळीखाली उभे राहून पाहायचो. पाण्यात गेलेला वर येते की नाही, एवढंच पाहायचो. तीच सवय लागली जी." सुजाता त्यांच्या पाठीला टेकून बसली होती. ते म्हणाले, "हिला नको नको म्हणून मीच कट्टाळलो. मला येत नाही म्हणून पोरीला काऊन अडवायचं? म्हटलं, आधी आपण शिकू. मग जाऊ दे म्हणू."

"आणि हांबुर्ग?" सुजातानं जर्मनमध्ये विचारलं.

"जा," ते म्हणाले. "तिथं काही मला पोहत येता येणार नाही. पण जा तू."

ऑक्टोबरात ती गेली. भाऊजींनीच तिचं सामान गाडीत भरलं.

परवा शनिवारी मी मनवाला पोहायच्या क्लासला घेऊन गेले. सार्वजनिक तलावाच्या उथळ भागात, गळ्यापर्यंत पाण्यात, पोरांच्या गर्दीत मेश्राम भाऊजी बसलेले. पोहत नव्हते. नुसते बसले होते. मी म्हटलं, "काय भाऊजी, पुढचा बिल्ला काय?"

"नाही जी."

"सुजाताचा फोन येतो ना?"

"येते ना. रोज येते. मस्त आहे ती." एक पोरगी त्यांच्या अंगावर पाणी उडवून खिदळत पळाली. त्यांनी चष्मा पुसला. "घर लय चूप झालं वहिनी. करुणा आणि मी, दोघंही हळूच बोलतो आता, काऊन ते माहीत नाही. इथं पोट्टे ओरडतात ना, बरं वाटते."