दक्षिण प्रांतीच्या पुटकुळ्यांची मोहीम

सेवेसी वाचकांचे. देह हा मुलूख थोर, त्याच्या सरहद्दी बहुत, आणि धनी खुद्द असोनही त्यास आपले अर्धे प्रांत ठाऊक नसतात. त्याची ही हकीकत, जैसी घडली तैसी, पदरचे काही न घालता लिहिली असे.

फरशीच्या कारखान्यात एक तपासनीस होते, उमर वर्षे चोवीस. कामाची शिस्त ऐसी की फरशीवरून अंगठा फिरवावा, आणि मोहरीएवढा उंचवटा लागला की खडूने फुली मारोन माल बाद करावा, त्यात दयामाया नाही. त्यांस एके दिवशी स्नानसमयी कमरेखालील दक्षिण प्रांती, अगदी नाजूक ठाण्याच्या कडेने, बारीक पांढुरक्या पुटकुळ्यांची रांग हाती लागली. अंगठा थबकला, आणि मनी फुली उमटली.

मग त्यांनी मोबाइलचा जासूद रवाना केला, आणि जासुदाने घटकाभरात सतरा गुप्तरोगांच्या तसबिरी पुढ्यात आणोन ओतल्या, एकीहून एक भयंकर. मग मैत्रीणबाईसाहेबांस, ज्यांशी सालभर जिवाभावाचा तह होता, खलिता धाडला की काम बहुत आहे, भेट होणे नाही. आणि फोन उचलणेही बंद केले, कारण आपण बाद माल, आपली पीडा तिला न व्हावी. त्या पंधरवड्यात त्यांस अन्न गोड लागले नाही, हे थट्टा बाजूस ठेवोन लिहितो. रोज न्हाणीघरात आरसा व विजेरी घेऊन खलबत चाले, आणि बाहेरोन वडील भगिनी गरजत, "अरे, आत झोपलास का? मला कामावर जायचंय!" अखेर खाजेचे मलम फासले, आणि प्रांत पेटला.

आग असह्य जाहली, तेव्हा स्वारी दवाखान्यावर चालोन गेली. डॉक्टरीणबाईंनी दिवा धरिला, पाहिले, चार प्रश्न केले, आणि फर्मान काढले की ही रांग निसर्गाची, कित्येक तरुणांस असते, संगाने येत नाही की पसरत नाही, सबब औषध नको. लाली आहे ती मलमाची, ते कचऱ्यात जावे. पुढे कधी जखम, पाण्याचा फोड वा स्राव दिसला तर जासुदास न पुसता इकडे यावे, आणि शंका उरली असेल तर तपासणी करोन घ्यावी, त्यात लाज कसली. तरी तपासनीस पुन्हा पुसो लागले की उंचवटा असोन माल बरोबर कैसा? तेव्हा बाई हसोन म्हणाल्या, "अहो, तुम्ही फरशी नाही आहात."

जिन्यातच तपासनिसांचे डोळे भरोन आले. मग तेथोनच बाईसाहेबांस फोन लाविला, आणि अथपासून इतिपर्यंत सर्व वृत्तांत निवेदिला. पलीकडोन जबाब आला, "पंधरा दिवस मला वाटत होतं, तू मलाच फुली मारलीस."

येणेप्रमाणे दक्षिण प्रांत निर्वेध जाहला, गनीम नव्हताच सबब एकही न पडला, आणि फत्ते तपासनिसांच्या नावे लिहिली असे. क्षमेचा अर्ज मात्र आज संध्याकाळी सहास समक्ष ऐकला जाईल, ऐसा बाईसाहेबांचा हुकूम आहे. स्वारी पाचपासोनच हजर आहे.