हरीकाकांनी बर्फाला पाडलेलं भोक

नवापुरात बर्फ लागतो तो मासळीवर घालायला. आमच्या शेजारचे हरीकाका मात्र बर्फ आणतात तो भोक पाडायला. दर रविवारी सकाळी सायकलला अर्धी लादी बांधून आणायची, अंगणातल्या कापलेल्या निळ्या पिंपात पाण्यावर सोडायची आणि टोच्या घेऊन तिच्या मधोमध कोरत बसायचं. येणारेजाणारे विचारतात, "हरी, बरा हायस ना?"

काका मान वर न करता म्हणतात, "पान्याला इचार."

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. वारा कधी फिरेल, बोंबील कधी येतील, इतकंच काय, माझी बढती कधी होईल, हेही मी पाण्यालाच विचारायचं. मी मूळचा कराडकडचा, बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला. समुद्राची हवा मिळेल म्हणून नवापुरात खोली घेतली. हवा मिळाली, वर हरीकाका मिळाले.

बर्फाचं प्रकरण सुरू झालं ते त्यांच्या मुलामुळे. निलेश कॅनडात वेल्डर आहे. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गरी सोडतात आणि वर एक आडवी झेंडी लावून ठेवतात. मासा गरीला लागला की झेंडी उभी राहते. मच्छीमाराचा मुलगा म्हणून कामावरच्या मित्रांनी निलेशला मोठ्या कौतुकाने नेलं, आणि नेमकी त्याचीच झेंडी दिवसभर आडवी. हे तो आईला फोनवर हसत हसत सांगत होता. काका कोपऱ्यात जाळं सांधत ऐकत होते.

ऐकतच होते, कारण बापलेकांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. निलेश रुसला होता. कशावरून, ते काकांना ठाऊक नव्हतं आणि विचारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण आपल्या पोराला मावरं, म्हणजे मासा, लागत नाही, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. पुढच्याच रविवारी पहिली लादी आली.

बांबूच्या कामट्या बांधून झेंडीचा सांगाडा झाला. काकीच्या जुन्या लाल परकराची झेंडी झाली. फक्त पिंपात मासा नव्हता. ते काम माझ्याकडे आलं. मी लादीखाली हात घालायचा आणि दोरी ओढायची.

"मावरं असं वढतं काय? तू तर रहाट वढतोस," काका वैतागायचे. "थंडीत मावरं सुस्त असतं. आदी चाकतं, मग नेतं."

माझी बोटं बधिर व्हायची, पण तिसऱ्या रविवारी मला मासा म्हणून पसंती मिळाली. नोकरीत इतकी शाबासकी मला अजून मिळालेली नाही.

निलेश गरीला आमिष म्हणून मेलेली मासोळी लावत होता, हे कळल्यावर काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग काकीकरवी निरोप गेला, "त्याला सांग, जिती लाव. पाटीच्या पंकामागून गरी घाल, म्हंजे पोवत राहील."

त्या रविवारी आमच्याकडे संध्याकाळ होती आणि तिकडे सकाळ. काकीच्या हातातल्या फोनवर पांढरंशुभ्र तळं दिसत होतं.

"त्याला सांग, गरी तळापासून हातभर वर ठेव."

"आये, बाबांना सांग, ठेवली."

दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं. काकी बिचारी नुसती मान हलवत होती. बऱ्याच वेळाने झेंडी टुणकन उभी राहिली आणि भोकातून चांगला हातभर मासा वर आला. काका काकीला म्हणाले, "बरा हाय."

निलेशने मासा गरीतून सोडवून बर्फावर ठेवला. मग म्हणाला, "आये, एवडी काळजी हाय, तर मी निगालो तवा बाबा दारात नुसते बसून होते. कुटं जातोस, एवडं तरी इचारायचं."

आता मात्र काका उसळले. "कामाला निगालेल्या मानसाला कुटं जातोस इचारतात काय? होडी निगताना कोन इचारतं? इचारलं तर परत येत नाय ती."

निलेशला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण ती होडीची. ती विमानालाही लागू होते, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि काकांनी पोरगा परत यावा म्हणून एवढासा प्रश्न तीन वर्षं दाताखाली धरून ठेवला होता.

"बाबा," निलेश म्हणाला. या वेळी 'आये' म्हटलं नाही. "मी पोचलोय ना. आता इचारा."

काकांनी काकीच्या हातून फोन घेतला. उलटा धरला. मी सरळ करून दिला.

"कुटं हायस रं?"

निलेश सांगू लागला. मग काकांनी विचारलं, खोली केवढी, रांधतं कोण, खिडकीतून पानी दिसतं काय. काकीने आणलेला चहा निवला, तरी विचारणं चालूच होतं. शेवटी निलेशच म्हणाला, "बाबा, बोटं गोठली. घरी जाऊन परत फोन करतो."

"कर," काका म्हणाले, आणि फोन मांडीवर ठेवून तिथेच बसून राहिले.