निकाल लागलाच पाहिजे

आमचे घरमालक दामूशेठ भोईर पापलेट विकत घेत नसत, पापलेटांची स्पर्धा भरवत.

उत्तनहून पाटी घेऊन येणारी मावशी अंगणात टेकली की दामूशेठ ओटीवर केळीचं पान पसरायचे. त्यावर आठ पापलेटं, दोन-दोनच्या जोड्यांनी, तोंडाला तोंड लावून. मग गळ्यातली शिट्टी तोंडात. शिट्टी वाजली की कल्ले उघडून बघायचे, पोट दाबायचं, वास घ्यायचा आणि जोडीतलं एक उचलून पाटीत परत टाकायचं. "बाद!" आठाची चार, चाराची दोन. उपांत्य फेरीपर्यंत ऊन चढायचं, चाळीतली मांजरं जमायची आणि मावशी मेटाकुटीला यायची.

"दामू, मासली घेतंस का पोरीला नवरा बघतंस?"

"घाई न्हाय मावशी. निकाल लागला पायजे."

निकाल लागायचा. विजेता दामूशेठच्या तव्यावर जायचा, कारण घरात खाणारे ते एकटेच. अंतिम फेरीत हरलेलं पापलेट ताटलीत घालून ते आमच्या दारात यायचे. "वैनी, उपविजेता! त्याला पन कायतरी मान पायजे का नको?" पहिल्या दिवशी माझ्या बायकोला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण ती रत्नागिरीची. फुकटचं ताजं पापलेट बघून तिने तो प्रश्न तात्पुरता बाजूला ठेवला. पुढे पुढे आमच्या घरात आज जेवायला काय असं कुणी विचारायचंच नाही. 'आज उपविजेता आला का?' एवढंच विचारायचे.

ही सगळी करामत त्या कपाची. मुंबईला कूपरेजच्या मैदानावर दरवर्षी फुटबॉलचा एक मोठा कप व्हायचा. कलकत्ता, हैदराबाद, पंजाब, गोवा, कुठून कुठून संघ यायचे. पद्धत बाद फेरीची. एक सामना हरलात की वळकटी बांधा. तरुणपणी मिठाच्या व्यवहारासाठी मुंबईला गेलेले दामूशेठ गर्दी दिसली म्हणून आत शिरले आणि बाहेर आले ते कायमचे बिघडून. जन्मात त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता. एकदा चाळीतल्या पोरांचा चेंडू त्यांच्या पायाशी आला तर त्यांनी तो वाकून हाताने उचलला, नळावर धुतला आणि परत दिला. तुम्ही कोणत्या संघाचे, असं विचारलेलं त्यांना खपत नसे.

"आपन कोनाचाच न्हाय. आपन निकालाचा मानूस. कोन पन हरो, पन एक हरला पायजे. मंग भांडन मिटतं."

कपाचे दिवस आले की मिठागर मुकादमाच्या हवाली. "मीठ कुठं पलतंय?" म्हणत दामूशेठ भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून गॅलरीत जाऊन बसायचे. डबा उघडला की आजूबाजूची माणसं सरकून बसायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत दामूशेठ पाय पसरायचे.

तिथून आणलेला रोग मग वर्षभर आम्ही भोगायचो. नळावर पहिला हंडा कुणाचा, याच्या बाद फेऱ्या. गणपतीच्या आरतीचं ताट कुणी धरायचं, याच्या बाद फेऱ्या. आमच्या मुलाच्या बारशाला तर त्यांनी सोळा नावं मागवली. नियम असा: पाळण्यापाशी दोन नावं मोठ्याने ओरडायची, ज्या नावाला मूल रडेल ते बाद. गावाहून आलेल्या माझ्या आईचा जीव 'गजानन'मध्ये होता, आमच्या आजोबांचं नाव. ते पहिल्याच फेरीत 'सुनील'कडून हरलं आणि आई चहा न घेता आत जाऊन बसली. कोपऱ्यावरचा गुजराती वाणी पेढे घेऊन आला होता. तो कळवळून म्हणाला, "अरे दामूशेठ, बच्चे का नाम है, टूर्नामेंट थोडी है!"

"शेठ, तुम चूप बैठो. तुम्हारा किशोर अभी खेल में है."

किशोर उपांत्य फेरीत पडला. फायनलला अजित आणि विजय आले आणि अजित हरला. अजित नावाचा उमेदवार हरावा, यात दामूशेठना काही वावगं दिसलं नाही. माझी आई मात्र शेवटपर्यंत नातवाला गजाननच म्हणत राहिली.

त्या शिट्टीचं आणखी एक खूळ होतं. चाळीसमोर तळं होतं. रोज संध्याकाळी दामूशेठ काठावरच्या दगडावर जाऊन बसायचे, पलीकडे बघत. अंधारायला लागलं की एक लांबलचक शिट्टी मारायचे आणि उठायचे. हे काय म्हणून मी एकदा विचारलं.

"दिवसाचा खेल संपला. रेफ्रीनं सांगाया नको?"

मी हसलो आणि सोडून दिलं. अशा माणसाला काय काय विचारणार?

तळ्याच्या पलीकडे दामूशेठचं जुनं घर आहे, हे आम्हाला मावशीने सांगितलं. तिथे त्यांचा धाकटा भाऊ पांडुरंग बायकामुलांसह राहायचा, आणि दोघांची आई. दामूशेठची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पुढे मिठागराच्या बांधावरून भावाभावांत वाजलं आणि वाटण्या झाल्या. मिठागर अर्धं-अर्धं, भातशेती अर्धी-अर्धी. राहिली आई. ती म्हणाली, मी दोघांची. पांडुरंग म्हणाला, बरं. आता इथे गप्प बसावं की नाही? पण आमचा निकालाचा माणूस! "असं लटकत ठेवायचं न्हाय. निकाल लागला पायजे." मिठाच्या टोपलीत स्वतः दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि स्वतःच एक उचलली. नाव निघालं पांडूचं.

दामूशेठनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि तळ्याच्या अलीकडे येऊन ही चाळ बांधली. हरलेल्या टीमनं मैदानात थांबायचं नसतं, म्हणे. त्या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही, ना सणाला, ना कुणाच्या आजारपणात. पांडुरंग बोलवायला आला तर, "नियम म्हंजे नियम."

"चिठ्ठीवर आय हरला मेला," मावशी म्हणाली आणि पाटी उचलून निघून गेली.

त्या दिवशीचा उपविजेता आमच्या घशाखाली नीट उतरला नाही. मला तर दामूशेठचा रागच आला. पापलेटाच्या बाबतीत माणसाने वेडेपणा करावा, त्याला माझी ना नाही. पण आईच्या चिठ्ठ्या टाकायच्या? आणि टाकल्या तर टाकल्या, त्यांना धरून वर्षानुवर्षं बसायचं?

मग एका वर्षी दामूशेठनी मला कपाच्या अंतिम सामन्याला ओढून नेलं. कचेरीत मी पोट बिघडल्याचं कळवलं होतं. सुकटीच्या वासात बसल्यावर ते खरं होतं की काय अशी धास्ती वाटायला लागली. कलकत्त्याचा संघ विरुद्ध पंजाबचा संघ. शून्य-शून्य. ज्यादा वेळ दिला, तरी शून्य-शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना, म्हणून माझं पुन्हा पोट बिघडलं. या वेळी एक-एक. ज्यादा वेळेतही एक-एक. उजेड कमी व्हायला लागला आणि भोंग्यावरून जाहीर झालं: दोन्ही संघ संयुक्त विजेते. कप सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. आधी कोणाकडे ते नाणं उडवून ठरेल.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दामूशेठ ताडकन उभे राहिले आणि त्यांनी शिट्टी अशी फुंकली की मैदानावरच्या खऱ्या रेफ्रीने वळून बघितलं.

"ओ रेफ्री! दोघं जिंकले म्हंजे हरला कोन? निकाल कुठं हाय?"

"चाचा, बैठ जाओ," हवालदार म्हणाला.

"बसतो कशाला! खेलवा त्यांना! कंदील मी आनतो!"

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका सरदारजीने त्यांना मिठी मारली. त्याच वेळी पुढच्या रांगेतल्या एका बंगाली बाबूनेही मारली. दोघेही जिंकल्यामुळे दोघेही नाचत होते आणि दामूशेठ मधे चेपले गेले होते. शिट्टी तोंडातच होती. त्यामुळे दोघांनी आवळलं की दामूशेठ वाजायचे. आवळलं, वाजले. आवळलं, वाजले. मी कठड्याला धरून इतका हसलो की पोट आता खरोखरच दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मात्र मावशी आली तर केळीचं पान नाही, शिट्टी नाही. हाताला लागलं ते पापलेट उचललं आणि आत गेले. मावशी घाबरली. "याला ताप आलाय का गं?" तिने माझ्या बायकोला विचारलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दामूशेठ आमच्या दारात उभे राहिले.

"कदम, तो कप सा महिन्यांनी खरंच परत देतात?"

"देतात की."

"भांडन न करता?"

"व्यवस्थित खोक्यात घालून पाठवतात."

"आनि दुसऱ्याकडं असतो तवा पहिल्यांना हरल्यासारखं वाटत न्हाय?"

"दामूशेठ, कपावर नाव दोघांचंही कोरलेलं असतं," मी म्हणालो. "सहा महिने वाट बघायची, एवढंच."

ते बराच वेळ चौकटीचं लाकूड नखाने खरवडत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग तुमी पांडूकडं जाऊन या. मी न्हाय येनार, मी बाद हाय. तुमी रेफ्री म्हनून जा."

संध्याकाळी मी तळ्याला वळसा घालून गेलो. म्हातारी ओटीवर बसली होती, तळ्याकडे तोंड करून. पांडुरंग शेजारी सुपारी कातरत होता. मी कचेरीत निवेदन वाचावं तसा प्रस्ताव मांडला: सहा महिने इथे, सहा महिने तिथे, दोघेही संयुक्त विजेते. पांडुरंगचा हात थांबला.

"दादानं सांगितलं? दादानं सोता?"

"स्वतः."

"चिठ्ठ्या त्याच्या, नियम त्याचे. मी कवा न्हाय म्हनलेलो?" तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

म्हातारी मात्र कडाडली. "मी काय कप हाय, हिकडनं तिकडं मिरवायला?"

झालं, म्हटलं, घोडं इथे पेंड खातंय! मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात तळ्यावरून ती लांबलचक शिट्टी आली. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "दामूनं शिट्टी मारली. सूनबाई, दिवा लाव गं."

"रोजचं हाय," पांडुरंग मला म्हणाला. "शिट्टी येईपत्तुर ती आत जात न्हाय. एकदा दादा आजारी होता, शिट्टी आली न्हाय, तर ही जेवली न्हाय."

मी तळ्यापलीकडे बघितलं. दगडावरून उठून पाठमोरे चालत निघालेले दामूशेठ एवढेसे दिसत होते.

दिवा लागल्यावर म्हातारी बाहेर आली. "सांग त्याला, टॉस न्हाय आनि चिठ्ठी बी न्हाय. चिठ्ठी टाकली तवा मना विचारलं होतं कोनी? माजी मी चालत येईन. आनि पापलेट करपवू नको म्हनावं. मावशी सांगते मना सगलं."

रविवारी सकाळी दामूशेठनी तळ्याच्या वाटेवर बरोबर मधोमध चुन्याची रेघ मारली. ही मध्यरेषा. तिच्या अलीकडे ते, झेंडूचा हार, अख्खी चाळ आणि लग्नात वाजवणारा एक सनईवाला. पलीकडून पांडुरंग आईला घेऊन आला. दामूशेठनी कप्तानासारखा हात पुढे केला, त्याच वेळी पांडुरंग पाया पडायला वाकला, मग दामूशेठ त्याला उठवायला वाकले आणि दोघांची डोकी टाणकन आपटली. सनईवाल्याला ती खूण वाटली, त्याने सुरू केलं. भाऊ कपाळं चोळत एकमेकांकडे बघत राहिले. म्हातारी दोघांच्या मधून, रेघ ओलांडून, पानाचा डबा कमरेला लावून सरळ चाळीकडे चालू लागली.

"चला रे, ऊन लागतंय."

दिवसभर दामूशेठ नुसते आत-बाहेर करत होते. संध्याकाळी आई ओटीवर बसली, या वेळी अलीकडून तळ्याकडे तोंड करून. दामूशेठ तिच्या पायाशी. आज दगडावर जायचं कारण नव्हतं, शिट्टी खुंटीला होती. अंधारायला लागलं तरी म्हातारी हलेना.

"आय, आत चल. मच्छर हायत."

"थांब जरा."

आणि तळ्यापलीकडून शिट्टी आली. अडखळत, अर्धी शिट्टी आणि अर्धी नुसतीच फुंक. पांडुरंगने कुठून तरी एक शिट्टी पैदा केली होती.

दामूशेठ उठून उभे राहिले. "दम कमी पडतोय त्याला," ते म्हणाले.

म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "आता लाव दिवा."

थोड्या वेळाने तळलेल्या माशाचा वास आला आणि माझ्या बायकोने सवयीने ताटली घेतली. पण दामूशेठ झाकलेलं ताट हातात घेऊन आमच्या दारावरून पुढे गेले.

"वैनी, आज तुमी रागावू नका हां."

"उपविजेता कुठे निघाला?" मी विचारलं.

"उपविजेता न्हाय. आज दोन्ही सारखेच हायत."

ते तळ्याच्या वाटेला लागले. चुन्याच्या रेघेपाशी पोचल्यावर थांबले, ताट या हातातून त्या हातात घेतलं आणि पलीकडे गेले. आम्ही त्या रात्री डाळभात जेवलो.